पत्ता विकत घेतला तर हक्क, उसना घेतला तर गुन्हा

जानेवारी २०११. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले ॲक्रन शहर. केली विल्यम्स-बोलर या कृष्णवर्णीय आईला खोटी कागदपत्रे दिल्याच्या दोन गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवून न्यायालयाने प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. ती स्थगित ठेवून प्रत्यक्षात दहा दिवसांचा तुरुंगवास, ऐंशी तासांची समाजसेवा आणि पुढे प्रोबेशन असा निकाल झाला. या बाईने कोणाला मारले नव्हते, कोणाच्या घरात शिरली नव्हती. २००६ पासून सुमारे दोन वर्षे तिने आपल्या दोन मुलींना शेजारच्या कोप्ली-फेअरलॉन शाळा-जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत शिकवले आणि त्यासाठी कागदावर आपल्या वडिलांचा पत्ता दिला, एवढाच तिचा गुन्हा. वडील खरोखर तिथे राहत होते. मुली आजोबांकडेही राहतात, असे तिचे म्हणणे होते. ती स्वतः ॲक्रनमधल्या सरकारी घरकुलात राहायची. त्या घरात चोरी झाली होती आणि मुली शाळेतून घरी येतील तेव्हा सुरक्षित असतील की नाही, याची तिला धास्ती होती.

शाळा-जिल्ह्याने खासगी गुप्तहेर लावला. सकाळी मुलींना सोडायला येणाऱ्या आईचे चित्रीकरण झाले. मग हिशेब निघाला: दोन मुलींच्या शिक्षणाचे तीस हजार डॉलरहून अधिक. सरकारी वकिलांनी तिच्यावर चोरीचाही आरोप ठेवला होता, पण त्यावर ज्युरीचे एकमत झाले नाही. केली त्या वेळी एका शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सहायक म्हणून काम करत होती आणि स्वतः शिक्षिका होण्यासाठी विद्यापीठात शिकत होती. गंभीर गुन्ह्याची नोंद झाली म्हणजे शिक्षिका होण्याचा रस्ता बंद. शिक्षा देताना न्यायाधीशांनी सांगितले की इतरांनाही जरब बसावी.

कोणावर जरब? आम्ही गेली काही वर्षे आमच्या वस्तीतल्या विहारात आरटीईचे अर्ज भरून देतो, आणि हा प्रश्न आम्हाला सोडत नाही. खोट्या पत्त्याची गोष्ट आमच्या टेबलावर दरवर्षी येते. त्या टेबलाकडे आम्ही शेवटी येऊच. पण आधी ॲक्रनचे प्रकरण नीट समजून घेऊ. 'कायदा म्हणजे कायदा' हे वाक्य तिथे जितक्या सहज उच्चारले गेले, तितक्याच सहज ते आपल्याकडेही उच्चारले जाते, आणि दोन्हीकडे ते अर्धेच सत्य आहे.

चोरी झाली तरी कशाची?

अमेरिकेत सरकारी शाळा 'शाळा-जिल्ह्यां'त वाटलेल्या असतात. आपल्यासारखा जिल्हा नव्हे. कधी एक शहर, कधी दोन-तीन उपनगरे मिळून एक शाळा-जिल्हा. त्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा तिथल्या घरांवरच्या मालमत्ता करातून येतो. घरे महाग असतील तर कर जास्त आणि शाळेकडे पैसा जास्त. घरे स्वस्त असतील तर जास्त दराने कर भरूनही हातात थोडेच पडते. मूल कोणत्या शाळेत जाणार हे त्याचे घर रेषेच्या कोणत्या बाजूला आहे यावरून ठरते. शाळा सरकारी, शिक्षण मोफत, पण त्या शाळेचे प्रवेशशुल्क घराच्या किमतीत आधीच वसूल झालेले असते.

मग घरे कुठे महाग आणि कुठे स्वस्त, हे कोणी ठरवले? 'बाजाराने' असे उत्तर मिळते. ते खोटे आहे. १९३० च्या दशकात संघराज्य सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे बनवले. कर्ज द्यायला 'धोकादायक' वस्त्या त्यांवर लाल रंगाने दाखवल्या. कृष्णवर्णीयांची वस्ती असणे हे लाल रंग भरायला पुरेसे कारण असे. ॲक्रनचाही असा नकाशा बनला. पुढे गोऱ्या कुटुंबांना उपनगरांत घरे घ्यायला सरकारी हमीची स्वस्त कर्जे मिळाली, कृष्णवर्णीयांना ती नाकारली गेली. घर विकताना 'कृष्णवर्णीयाला विकणार नाही' अशी अट करारात घातली जाई. घरखरेदीतला हा भेदभाव बेकायदा ठरवणारा संघराज्याचा कायदा १९६८ मध्ये आला, तोवर शहर आणि उपनगर यांची वाटणी पक्की झाली होती. ॲक्रन हे टायर कारखान्यांचे शहर. ते कारखाने एकेक करून बंद पडत गेले तेव्हा ज्यांना बाहेर पडता आले ते पडले, ज्यांना बाहेर घरच मिळत नव्हते ते मागे राहिले.

आपल्याला हे परके वाटू नये. महारवाडा गावकुसाबाहेर का होता, याचेही उत्तर 'ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो राहिला' असेच दिले जाते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण पाटी बदलली तरी वस्ती कुठे आहे ते बदलत नाही. नाला, रूळ, डंपिंग ग्राउंड जिथे होते तिथेच आहेत. आजही भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर असा पत्ता सांगितला की समोरच्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. आपल्याकडे पत्ता ही जातीची ओळख आहे, तिकडे ती वंशाची ओळख आहे.

जवळची शाळा कोणाला आठवते आणि कधी?

१९५४ चा ब्राउन खटला कार्यकर्त्यांना माहीत असतो. शाळांतले वांशिक विभाजन त्या निकालाने घटनाबाह्य ठरवले. त्यातला एक तपशील मात्र विसरला जातो. कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरातल्या लिंडा ब्राउन या मुलीच्या घराजवळ एक सरकारी शाळा होती. वडील तिला तिथे घेऊन गेले. प्रवेश मिळाला नाही, कारण ती शाळा गोऱ्यांची. तिला लांबच्या, कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावे लागे. त्या काळी 'मुलाने जवळच्या शाळेत शिकावे' हा नियम कोणालाच पवित्र वाटत नव्हता. वंशाची भिंत कायद्याने पाडली गेली, आणि मग अंतराची, हद्दीची, पत्त्याची आठवण झाली.

पुढे दोन निकाल आले. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या मेक्सिकन वंशाच्या पालकांनी विचारले की आमच्या गरीब वस्तीच्या शाळेला कमी पैसा आणि शेजारच्या श्रीमंत वस्तीच्या शाळेला जास्त, हे समानतेत कसे बसते? सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय शहरातल्या विभाजनावरचा उपाय त्यांच्या हद्दीत नेता येणार नाही. म्हणजे गोरी कुटुंबे हद्द ओलांडून निघून गेली ते चालते, पण कृष्णवर्णीय मुलाने तीच हद्द ओलांडून त्यांच्या मागे शाळेत जाणे न्यायालय घडवून आणणार नाही. ब्राउन खटला लढवणारे थरगुड मार्शल तोवर त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले होते. दोन्ही वेळी त्यांनी विरोधी मत नोंदवले आणि दोन्ही वेळी ते अल्पमतात राहिले.

आता खुद्द ओहायोकडे पाहा. १९९७ मध्ये तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मालमत्ता करावर एवढी भिस्त ठेवणारी राज्याची शाळा-निधीची पद्धत राज्याच्या घटनेचा भंग करते. सरकारने थातुरमातुर बदल केले. न्यायालयाने २००० मध्ये तेच सांगितले, २००२ मध्ये पुन्हा तेच सांगितले आणि मग प्रकरणातून अंग काढून घेतले. केलीने २००६ मध्ये मुलींचा अर्ज भरला तेव्हा परिस्थिती ही होती. राज्याने घटनेचा भंग केल्याचे न्यायालयाने पुन्हापुन्हा सांगितले, त्यासाठी एकाही मंत्र्याला किंवा आमदाराला एका रात्रीचीही कोठडी झाली नाही. त्या भंगातून आपल्या मुलींना बाहेर काढू पाहणाऱ्या आईला मात्र तुरुंग झाला.

'कायदा सर्वांना समान' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

'आमच्या कराचा पैसा'

केलीच्या विरोधातला सगळ्यात जोरकस युक्तिवाद हा, की कोप्लीच्या रहिवाशांनी कर भरला, त्यांच्या पैशाने शाळा चालते, तिथे बाहेरच्याने फुकट शिकणे म्हणजे चोरी. सुशिक्षित माणसालाही हे पटते, म्हणून आम्ही ते टाळून पुढे जाणार नाही.

पहिली गोष्ट, केलीचे वडील त्याच जिल्ह्यात राहत होते. त्या घराचा भार त्या जिल्ह्याच्या करात होताच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 'स्थानिक पैसा देणारे' हा युक्तिवाद आम्ही आधी ऐकलेला आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने कबूल केले की तत्त्वतः न्याय त्याच्या बाजूने आहे, तरी हस्तक्षेप करायला नकार दिला, कारण एकाला घेतले तर बाकीच्यांसाठी शाळा निरुपयोगी होईल. दोन वर्षांनी सरकारने धोरण सांगितले. पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या राहतील, पण ज्या शाळांना स्थानिक लोक वर्गणी देतात आणि त्यांचा विरोध आहे, तिथे अस्पृश्य मुलांना घालण्याचा सरकारचा विचार नाही. वर्गणीदारांच्या नावाखाली जात बसली होती. कोप्लीतल्या करदात्यांच्या रांगेत काय बसले आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आणि या युक्तिवादाला उत्तरही आपल्याच परंपरेत आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी विचारले होते की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो? पैसा कोणाच्या खिशातून सरकारजमा झाला एवढेच पाहून भागत नाही, तो मुळात कोणाच्या श्रमातून आला तेही पाहावे लागते. ॲक्रनच्या टायर कारखान्यांत घाम गाळणारे आणि कोप्लीत घर घेऊ शकणारे ही माणसे वेगळी का झाली, हा प्रश्न विचारला की 'आमच्या कराचा पैसा' हे वाक्य एवढे निरागस राहत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, ज्याच्याकडे पैसा आहे तो चांगल्या शाळेजवळ घर घेतो, म्हणजे पत्ता विकत घेतो. त्याला जागरूक पालक म्हणतात. ज्याच्याकडे पैसा नाही तो बापाचा, बहिणीचा, मैत्रिणीचा पत्ता उसना घेतो. त्याला गुन्हेगार म्हणतात. दोघांचा हेतू एकच असतो.

ज्याला घरच नाही त्याचा पत्ता कोणता?

त्याच वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, कनेक्टिकट राज्यात टान्या मॅकडॉवेल या बेघर कृष्णवर्णीय आईला अटक झाली. तिचा शेवटचा पत्ता ब्रिजपोर्ट शहरातला मानला गेला. पाच वर्षांच्या मुलाला तिने मुलाला सांभाळणाऱ्या बाईच्या पत्त्यावर शेजारच्या नॉरवॉकच्या शाळेत घातले. आरोप लागला पहिल्या दर्जाच्या चोरीचा, रक्कम पंधरा हजार डॉलरहून अधिक. पुढे अमली पदार्थ विकल्याच्या वेगळ्या आरोपांसह झालेल्या तडजोडीत तिला पाच वर्षांचा तुरुंगवास झाला. ते दुसरे आरोप आम्ही झाकत नाही. पण बालवाडीच्या वयाच्या मुलाला शाळेत घातल्याचा गुन्हा त्या यादीत मुळात का असावा, एवढेच विचारतो.

लोकांनी विचारले म्हणून थोडे हललेही. केलीसाठी लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पॅरोल बोर्डाने दया दाखवण्याची शिफारस केली नाही, तरी सप्टेंबर २०११ मध्ये ओहायोच्या गव्हर्नरांनी तिचे गंभीर गुन्हे सौम्य गुन्ह्यांत बदलले. कनेक्टिकटने पुढे कायदाच बदलला आणि शाळेसाठी दुसऱ्याचा पत्ता दिल्याबद्दल पालकावर चोरीचा गुन्हा लागणार नाही, अशी तरतूद केली. तिथल्या शाळा काही बुडाल्या नाहीत.

बडोद्याची नोंदवही

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात की बुद्धाच्या धम्मात चौथे शील आहे, खोटे बोलू नये. मग तुम्ही खोट्या पत्त्याची बाजू कशी घेता? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला १९१७ चे बडोदे आठवते.

कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बाबासाहेब बडोदे संस्थानात नोकरीला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत अस्पृश्याला घेत नव्हते. शेवटी पारशी पथिकाश्रमात जागा मिळाली, पण तिथे फक्त पारशांना राहता येई. व्यवस्थापकाशी तडजोड होऊन नोंदवहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. त्याच संध्याकाळी बाबासाहेबांना सामान उचलावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे, आणि खोटे नाव लपवलेले नाही.

त्या नोंदवहीवरून बाबासाहेबांना कोणी फसवणूक करणारा म्हटले, तर आपल्यातला शेंबडा पोरगाही उठून उभा राहील. खरे नाव लिहिले असते तर दार उघडलेच नसते, हे आपल्याला कळते. मग तेच न्यायाचे माप आपण एखाद्या अनोळखी आईला का लावत नाही? आणि हेही ध्यानात ठेवू की बाबासाहेब त्या खोट्या नावावर थांबले नाहीत. त्यांनी खोट्या नावाने जागा मिळवण्याची चळवळ उभारली नाही. खरे नाव सांगून दार उघडावे लागेल, अशी घटना लिहिली. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मोफत शिक्षणाच्या कलमावर बोलताना त्यांनी चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचा आग्रह धरला, कारण त्या वयाखालच्या मुलाला कामाला लावायला मनाई असेल तर ते मूल शाळेतच असले पाहिजे. मुलाचे घर कुठे आहे, ही अट त्या विचारात कुठेच नाही.

आमचे टेबल

आता विहारातल्या टेबलाकडे येतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित गट आणि दुर्बल घटकांसाठी आहेत. पण त्या 'परिसरातल्या' मुलांसाठी. म्हणून शाळेपासूनचे अंतर पाहिले जाते. अर्ज भरताना नकाशावरचा लाल फुगा आपल्या घरावर आणून ठेवायचा, आधी एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य, मग पुढच्यांना. सोबत निवासाचा पुरावा. तो नसेल तर नोंदणी केलेला भाडेकरार.

एका वर्षी एकाच आठवड्यात दोघे जण आले. पहिली एक ताई, चार घरची धुणीभांडी करणारी. शाळा तिच्या खोलीपासून दहा मिनिटांच्या चालीवर, रोज तिच्याच फाटकावरून कामाला जायची. पण रेशन कार्ड गावचे, आधार गावचे, आणि घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नाही. 'कर भरावा लागतो' म्हणाला. म्हणजे ती खरोखर तिथे राहत होती आणि कागदावर कुठेच राहत नव्हती. एका एजंटाने तिला पैसे घेऊन करार बनवून देतो असे सांगितले होते. ती म्हणाली, "दादा, राहते तर मी इथंच. खोटं काय त्यात?"

दुसरे आपल्याच समाजातले, पगारदार, स्वतःचा फ्लॅट असलेले एक सर. विहाराला दरवर्षी वर्गणी देणारे. फ्लॅट लांब, म्हणून त्यांनी एका नामांकित शाळेजवळचा भाडेकरार आणला होता. तिथे ते एक रात्रही राहिले नव्हते. अनुसूचित जातीला या योजनेत उत्पन्नाची मर्यादा नाही, त्यामुळे तेवढा एक कागद सोडला तर त्यांचा अर्ज बिनचूक होता. आम्हाला फक्त फॉर्म भरून हवा होता.

कायद्याच्या नजरेत दोघांचे कागद एकाच कलमात बसतात. आमच्या नजरेत बसत नाहीत. आरटीईच्या जागा मोजक्या, सोडत काढावी लागते. सरांच्या मुलाला लागलेला नंबर कोणाच्या तरी मुलाचा गेलेला असतो, आणि ते मूल बहुधा त्याच ताईच्या चाळीतले असते. आम्ही सरांना नाही म्हटले. त्या वर्षी जयंतीची त्यांची वर्गणी आली नाही.

ताईलाही आम्ही एजंटाचा करार लावू दिला नाही. तो पकडला गेला असता तर गुन्हा तिच्यावर दाखल झाला असता, एजंट नामानिराळा राहिला असता. २०२४ मध्ये नागपुरात बनावट कागदांवर आरटीई प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झालेच आहेत. आम्ही घरमालकाकडे तीनदा गेलो, वॉर्डात गेलो, वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते शोधले. मुदत संपली. तिची मुलगी आज महापालिकेच्या शाळेत आहे. ताई भेटली की हसून बोलते, पण त्या वर्षानंतर टेबलाकडे ती पुन्हा आली नाही. आम्ही बरोबर केले असे आम्हाला वाटते. तिला तसे वाटत नसेल, तर तिचे चुकले असे म्हणायची आमची हिंमत नाही.

आमची भूमिका

या अनुभवातून आमची भूमिका ठरली आहे, ती मांडतो.

एक. मुलाला सरकारी किंवा आरटीईच्या शाळेत घालण्यासाठी दिलेल्या पत्त्यावरून पालकाला तुरुंगात टाकू नये. पत्ता चुकीचा निघाला तर प्रवेशाची चौकशी करा, पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत सोय करा. वर्ष अर्ध्यावर असताना मुलाला बाहेर काढू नका. आईच्या हातात बेडी पाहिलेले मूल शाळेबद्दल काय शिकेल?

दोन. पैसेवाल्याने गरिबाची जागा लाटणे हा वेगळा मामला आहे. तिथे प्रवेश रद्द व्हावा, पूर्ण फी वसूल व्हावी. आणि पैसे घेऊन कागद बनवणाऱ्या एजंटावर आधी गुन्हा नोंदवावा. आज उलटे घडते, सर्वांत खालचा आधी सापडतो. यात आपल्या समाजातल्या नोकरदारांना आम्ही सूट मागणार नाही. बाबासाहेबांच्या नावाने मिळालेली सवलत बाबासाहेबांच्याच वस्तीतल्या मुलाविरुद्ध वापरणे आम्हाला मान्य नाही.

तीन. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ सांगते. मग निवासाचा दाखला नाही म्हणून का नाकारावा? भाडेकरू, बांधकाम मजूर, झोपडपट्टीतली कुटुंबे यांच्यासाठी स्वयंघोषणा आणि प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी एवढे पुरेसे मानावे. पडताळणी समितीने घर पाहावे, कागदावर अडू नये.

चार. मूळ दुखणे शाळांमधल्या दरीचे आहे. महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची शाळा चांगली असेल तर एक किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेसाठी कोणी खोटा करार करणार नाही. कमी पटाच्या नावाखाली वस्तीच्या शाळा मोडीत काढायच्या आणि मग पालकांना पत्त्यावरून पकडायचे, हा दुटप्पीपणा आहे.

रेषा हलते, याचा पुरावाही आपल्याजवळ आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या जागांतून सूट दिली. एका अधिसूचनेने गरीब मुलांसाठी शहरांतल्या बहुतेक खासगी शाळांची दारे बंद होणार होती. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना घटनाबाह्य ठरवून रद्द केली. तेही एक किलोमीटरच होते. सरकारने आखले आणि लोकांनी पुसले.

म्हणून येत्या हंगामात प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. टेबल फेब्रुवारीत मांडू नका, दिवाळीनंतरच मांडा. ज्यांच्याकडे निवासाचा कागद नाही त्यांची घरोघर यादी करा. घरमालकांना एकेकटे न गाठता वस्तीची बैठक लावून भाडेकरार नोंदवून घ्या. जे नोंदवत नाहीत त्यांची नावे घेऊन शिक्षण विभागाला लेखी निवेदन द्या, पोचपावती घ्या. मुदतीच्या आठवड्यात एजंटाचे दुकान चालते, कारण आधीचे चार महिने आपले दुकान बंद असते. ही चूक आमची होती. ताईच्या मुलीने तिची किंमत मोजली.

पुढच्या वेळी कोणी आई "खोटं काय त्यात?" असे विचारील, तेव्हा आपल्या हातात तिच्या खऱ्या पत्त्याचा कागद असला पाहिजे.

जयभीम! जय संविधान!